चोरासाठी ठेवलेली चूक

रेघाताई. जन्म १९५८, मृत्यू २०२१. हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. दोरखंडाच्या कारखान्यात आरेखक म्हणून त्या रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात, एक रेघ मध्येच किंचित जाड झाली म्हणून त्यांनी पूर्ण होत आलेला कागद फाडून टाकला. शेजारच्या टेबलावरचे वयस्क आरेखक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, रेघ तुमची असेल, पण कागद कारखान्याचा आहे." सगळे हसले, आणि त्या दिवसापासून त्या रेघाताई झाल्या. पुढे धाकट्या बहिणीखेरीज त्यांना दुसऱ्या कशाने हाक मारणारे कोणी उरले नाही. आणि बहीणही नुसते "ताई" एवढेच म्हणे.

कारखाना दोर विकत असे आणि दोराबरोबर तो कसा बांधावा हे दाखवणारी सचित्र पत्रके देत असे. ती चित्रे काढणे हे रेघाताईंचे काम. दिसायला सोपे, प्रत्यक्षात जिकिरीचे. माणसाच्या चित्रात नाक जरा इकडचे तिकडे झाले तर फार तर तो माणूस आपल्या चुलत भावासारखा दिसतो; गाठीच्या चित्रात जो पदर वरून जायचा तो खालून गेला, तर ती गाठच राहत नाही. म्हणून रेघाताई कोणतीही गाठ पुस्तकात पाहून काढत नसत. आधी स्वतः बांधत, खिडकीच्या गजाला अडकवत, तिला पाण्याने भरलेली बादली टांगत, आणि ती तसूभरही सरकत नाही अशी खात्री पटल्यावरच लेखणी हातात घेत. त्यांच्या खोलीत कपाटाच्या कडीपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सर्वत्र गाठी लोंबत असत. लग्नाचा विषय काढणाऱ्यांना त्या म्हणत, "दिवसभर गाठीच मारते हो मी. घरी येऊन आणखी एक कशाला?"

कारखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. शाईच्या दौती आवरून त्यांनी संगणकाच्या वर्गात नाव घातले, आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलांमध्ये बसून पडद्यावर चित्र काढण्याची विद्या शिकून घेतली. वर्गातल्या शिक्षकाने एकदा सांगितले, "काकू, इथे चूक झाली तर एक कळ दाबायची, की चूक गेली." रेघाताईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. चूक जाण्याची सोय असली म्हणजे ती करण्याची मुभा असते, हे त्यांना कधी मान्य झाले नाही.

धाकटी बहीण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत होती. तिने ताईंच्या चित्रांसाठी इंटरनेटवर एक पान उघडून दिले. नौकांचे मालक, गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था, मालवाहतुकीच्या कंपन्या तेथे चित्रे पाहत आणि विकत घेत. धंदा बेताचा, पण मानाचा होता.

मग चित्रे चोरीस जाऊ लागली.

प्रथम धाकटीनेच उपाय योजले. पानावर टाकायचे चित्र लहान ठेवायचे, म्हणजे मोठे करून छापले तर फुटेल. चित्रावर आडवे, फिकट अक्षरांत नाव टाकायचे. पहिला उपाय ताईंनी स्वीकारला. दुसऱ्याला त्यांनी साफ नकार दिला.

"गाठीवर अक्षरं? पदर कुठे संपतो आणि अक्षर कुठे सुरू होतं, कळायचं कसं?"

"न कळू दे की. फुकट्यांना कशाला कळायला हवं?"

"मला बघवत नाही ते. बाळाच्या गालावर कुणी रबरी शिक्का मारतं का?"

तडजोड म्हणून चित्राच्या खाली एक पांढरी पट्टी आली. तिच्यात एका ओळीत ताईंचे नाव, दुसऱ्या ओळीत पत्ता, सारे टापटिपीने. चोरांनी पट्टी कापली आणि चित्र वापरले. लहान चित्र मोठे करण्याच्या युक्त्याही तोवर निघाल्या होत्या. रेघ तुटेनाशी झाली.

तेव्हा रेघाताईंनी स्वतः एक शक्कल लढवली. खरे चित्र विकत घेणाऱ्यासच द्यायचे. पानावर जो नमुना ठेवायचा, त्यात आपण होऊन एक बारीक चूक करून ठेवायची. चोर आंधळेपणाने उचलणार, आणि चुकीसकट पकडला जाणार. पहिल्यांदा त्यांनी चूक केली ती निरुपद्रवी: दोराचा पीळ उजवीकडचा डावीकडे केला. एका चित्रविक्रीच्या संकेतस्थळावर त्यांचे चित्र सापडले तेव्हा त्यांनी तो उलटा पीळ पुरावा म्हणून पुढे केला. उत्तर आले, की बाजारात दोन्ही पिळांचे दोर मिळतात, सबब हा निव्वळ योगायोग असू शकतो. ज्याचे दुसरे स्पष्टीकरणच संभवत नाही असा पुरावा असल्यास कळवावे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रेघाताई दोन दिवस ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी रंगाऱ्यांचा झुला टांगायच्या फासाचे चित्र उघडले आणि ज्या ठिकाणी दोराचा एक पदर दुसऱ्याच्या वरून जातो, तेथे तो खालून नेला. ह्याचे दुसरे स्पष्टीकरण संभवत नव्हते. शहाणा माणूस असा फास काढणारच नाही.

धाकटी चित्र पानावर चढवता चढवता थांबली. "ताई, आणि कुणी खरंच अशी बांधली तर?"

"नमुना बघून कोण बांधेल? ज्याला बांधायचीय तो खरं चित्र घेतो."

"तरी पण."

"बरं बाई, लिही खाली. 'हा केवळ नमुना. ह्यावरून गाठ बांधू नये.'"

धाकटीने लिहिले. कुठे लिहावे हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडला नाही. चित्राखाली पट्टी होती, तीत नावाच्या खाली एक ओळ सहज मावत होती.

युक्ती फळली. एकामागून एक चोर सापडले. कोणी चित्र उतरवले, कोणी क्षमा मागितली. रेघाताई खुशीत असत. "आपलंच बी, आपलंच पीक," असे म्हणून त्या नव्या चित्रात नवी चूक पेरत.

एका दुपारी धाकटी मोबाइल हातात घेऊन जिना चढत आली, ती दारातूनच ओरडली, "ताई, सापडला गं आणखी एक! आणि पठ्ठ्याने मोठ्ठा तक्ता करून भिंतीवर लावलाय!"

बातमीतले छायाचित्र होते. पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस उभा, मागे भिंतीवर गाठींचा तक्ता. रेघाताईंनी चष्मा चढवला, छायाचित्र बोटांनी मोठे केले. आपली रेघ माणसाला आपल्या आवाजासारखी ओळखू येते. फासाच्या चित्रात पदर खालून गेला होता. खाली पट्टी नव्हती.

"माझंच," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "आता ह्याला सोडत नाही. कोण आहे हा?"

मग त्यांनी खालचा मजकूर वाचला. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवून देणाऱ्या ठेकेदाराचा एक कामगार झुल्याचा दोर सुटून खाली पडला होता आणि जागीच गेला होता. छायाचित्रातला माणूस म्हणजे ठेकेदार. त्याचे म्हणणे, कामगारांना रीतसर शिकवले जाते, भिंतीवर तक्ता आहे. मेलेल्या कामगाराचे कामात लक्ष नसे, तो पीतही असे.

धाकटीने त्यांच्या खांद्यावरून तेच वाचले. "ताई, दोर कशानेही सुटतो गं. जुना असेल, झिजला असेल."

रेघाताई उठल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा दोर सोडवला, तक्त्यातल्याप्रमाणे फास बांधला, गजाला अडकवला आणि खाली बादली टांगली. फास धरून राहिला. धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला. मग रेघाताईंनी बादलीला बोटाने हलकेच झोका दिला. दोनचार हेलकाव्यांत दोराचे शेपूट आत आत सरकत गेले, आणि बादली आडवी होऊन पाणी सगळ्या खोलीभर झाले.

दुसऱ्या दिवशी त्या ती शेड पाहायला गेल्या. ठेकेदार नव्हता. मुकादम डबा खात बसला होता. गिऱ्हाईक समजून त्याने स्टूल पुढे सरकवले. रंगाचे डबे, दोरांची वेटोळी, आणि भिंतीवर तो तक्ता, प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेला.

"हा कुठून आणला?"

"मालकांनी काढला नेटवरून. तपासनीस येतात ना, त्यांना भिंतीवर काहीतरी लागतं. आम्ही कशाला बघतोय? आमचे हातच बांधतात, बाई. चित्र बघून बांधायला बसलो तर भिंत रंगायची कधी?"

"मग जो गेला, तो?"

मुकादमाने घास खाली ठेवला. "तो नवा होता. आणि नको तेवढा शहाणा. सुट्टीत आम्ही पत्ते खेळायचो आणि हा दोरीचा तुकडा घेऊन तक्त्यासमोर उभा. आम्ही चिडवायचो, 'काय रे, परीक्षा आहे का उद्या?' तर म्हणायचा, 'मुकादम, वर तुम्ही नसता ना धरायला.'" त्याने हात पुसला. "झुल्याला दोन टोकं. एक मी बांधलं, ते राहिलं. दुसरं त्याचं. आता मालक म्हणतात पीत होता. चहासुद्धा अर्धा घ्यायचा तो."

"हे तुम्ही चौकशीत सांगणार का?"

"मालकांचं मीठ खातो, बाई," मुकादम म्हणाला, आणि डबा बंद केला.

घरी धाकटीचे यजमान वाट पाहत होते. ते वकील, घरात सगळे त्यांना वकीलबुवा म्हणत. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"ताई, स्पष्ट बोलतो. चित्र तुमचं आहे हे सिद्ध करायला ती चूक पुरेशी आहे. आणि ती चूक तुम्ही जाणूनबुजून केलीत हे सिद्ध करायलाही तीच पुरेशी आहे. एक दार उघडायला गेलात की दुसरं आपोआप उघडतं."

"मग करायचं काय?"

"काहीच नाही. तक्त्यावर तुमचं नाव नाही, पत्ता नाही. चित्र कुणाचं, हे त्या चोरालाही ठाऊक नाही. पानावरचे सगळे नमुने आजच्या आज उतरवा आणि गप्प बसा."

"आणि त्या माणसाला दारुडा ठरवतायत, ते?"

"ते त्याचे लोक बघतील."

रेघाताई म्हणाल्या, "इतकी वर्षं माझं नाव पुसणाऱ्यांना शिव्या मोजल्या. आता त्या पुसण्याच्याच आडोशाला जाऊन बसू?"

"बस ना!" धाकटी एकदम कडाडली. "काय बिघडलं बसलीस तर? तू ढकललं नाहीस त्याला. चोरलं त्यांनी, पट्टी कापली त्यांनी, आणि पापाचं गाठोडं तुझ्या डोक्यावर? तुला कोण आहे गं आमच्याशिवाय? उद्या तुला आत टाकलं तर डबा मीच आणायचाय."

रेघाताईंनी संगणक उघडला. नमुने उतरवले गेले. सरकारी कार्यालयात अपघाताची चौकशी उभी राहिली तेव्हा त्या गेल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि एक अक्षरही न बोलता परत आल्या. हे येथे नोंदवणे भाग आहे, कारण त्यांनी स्वतः ते कधी लपवले नाही. त्या दिवशी मृताच्या बायकोची साक्ष झाली. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "तो पीत नव्हता, साहेब." अधिकारी सभ्य होते. ते म्हणाले, "बाई, पण गाठ त्यानेच बांधली होती ना? दुसरी गाठ तर राहिली." ती म्हणाली, "तो घरी पलंगाच्या पायाला बांधून बघायचा, साहेब. मला ओढायला सांगायचा. मी ओढायची. सुटायची नाही कधी." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले नाही.

त्या वाक्याने रेघाताईंची झोप गेली. बायकोने ओढून पाहिले, आणि ओढल्यावर तो फास सुटत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? त्या धाकटीला फक्त एवढेच म्हणाल्या, "तिलाही ओढायला लावलं गं त्याने."

पुढच्या तारखेस त्या उठून उभ्या राहिल्या. वकीलबुवा शेजारी बसले होते. त्यांनी पदर ओढण्याइतपत धाडस केले, पण व्यर्थ.

"हे चित्र माझं आहे," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं आहे, आणि ते मी मुद्दाम चुकीचं काढलं."

सभागृहात कुजबूज झाली. ठेकेदाराच्या वकिलाने मान वर केली. रेघाताईंनी पिशवीतून दोर काढला, तक्त्याप्रमाणे फास बांधला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "ओढून बघा." त्यांनी ओढला, फास राहिला. "आता खाली हे लावा आणि हलवा." रेघाताईंनी घरून एक लोखंडी वजन आणले होते. ते काही हेलकाव्यांत निसटून फरशीवर आपटले. बाकांवरचे लोक दचकले. मृताची बायको दचकली नाही. ती दोराच्या मोकळ्या टोकाकडे पाहत होती.

"असं का केलंत आपण?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"चोर पकडण्यासाठी."

"आणि ह्याचा धोका आपल्या ध्यानात आला नाही?"

"बहिणीच्या आला होता. मी सूचना लिहिली."

"कुठे?"

रेघाताईंना तेव्हा, त्या सभागृहात उभे असताना, पहिल्यांदाच ते नीट उमगले. चोर सर्वांत आधी जे कापतो, नेमके तेथेच त्यांनी ते लिहिले होते. नाव आणि सूचना एकाच पट्टीत. कारण चित्रावर अक्षरे त्यांना बघवत नव्हती.

"खाली," त्या म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात मृताची बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वयाने धाकटीपेक्षाही बरीच लहान.

"तो पीत नव्हता हे आता लिहितील ना?"

"लिहितील."

"तुम्ही सांगितलंत, बरं झालं." मग ती म्हणाली, "मागच्या वेळीही तुम्ही आला होतात. मागे बसला होतात. मी बघितलं होतं तुम्हाला."

रेघाताईंनी हात जोडले. बाईने ते पाहिले न पाहिले असे केले आणि ती जिन्याकडे वळली. त्यानंतर त्या दोघींची भेट झाली नाही.

अहवालात "कामगाराने गाठ प्रशिक्षण तक्त्याबरहुकूम बांधली होती, त्याची बेफिकिरी आढळत नाही" असे वाक्य आले. मृताच्या बायकोला भरपाई मंजूर झाली. ठेकेदाराचा परवाना काही काळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्याने रेघाताईंवर नुकसानीचा दावा लावला. दिलेले कारण असे, की त्यांनी घातक चित्र प्रसृत केले. चोरी त्याने नाकारली नाही. "जे नेटवर आहे ते सगळ्यांचंच असतं," असे तो न्यायालयात म्हणाला, आणि पुष्कळांना ते पटलेही. नौकामालक, संस्था, कंपन्या ह्यांनी एक एक करून रेघाताईंकडचे काम बंद केले. कोणी कठोर बोलले नाही. जिच्या गाठीवर जीव टांगायचा, तिने एकदा गाठ खोटी काढली एवढे पुरे होते.

उरलेली वर्षे त्यांनी एकच काम केले. सगळ्या गाठींची खरी चित्रे मोठ्या आकारात, बिननावाची, फुकट पानावर ठेवली. लोकांनी ती न्यावीत, म्हणजे खोटी मागे पडतील, अशी त्यांची अपेक्षा. पण खोटी चित्रे जुनी होती, ठिकठिकाणी पसरली होती, आणि शोधणाऱ्याला तीच आधी सापडत. मग त्या एकेका संकेतस्थळाला लिहू लागल्या, की हे चित्र माझे आहे, कृपया उतरवावे. उत्तर येई, तुमचे असल्याचा पुरावा द्या. त्या देत. काहींनी उतरवले. काहींनी विचारले, मोबदल्यात काय हवे. बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. धाकटी चिडून म्हणे, "पूर्वी चोर नको म्हणून रडत होतीस, आता चोर येईनात म्हणून रडतेस." रेघाताई तिच्यावर रागावत नसत. "खरं आहे," एवढेच म्हणत, आणि पुढचा पत्ता शोधत.

त्या गेल्या त्या छातीच्या विकाराने, फार दिवस अंथरुणाला न खिळता. दावा त्यांच्या मागे निकालात निघाला. मृत प्रतिवादीविरुद्ध चालवण्यात ठेकेदाराला रस उरला नाही. खोलीतले दोर धाकटीने सोडवून, गुंडाळून, कोणाला तरी देऊन टाकले. संगणक तिने ठेवला आहे. खोट्या चित्रांच्या किती प्रती अजून भिंतींवर, पुस्तकांत, कोणाच्या मोबाइलमध्ये आहेत हे तिला ठाऊक नाही, आणि कळण्याचा काही मार्गही नाही. तिला जमेल तेव्हा ती शोधते.

अलीकडेच मुलांना दऱ्याखोऱ्यांत नेणाऱ्या एका संस्थेच्या माहितीपत्रकात तिला तो फास दिसला. तिने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्हाला पैसे हवेत का?"

"नकोत," धाकटी म्हणाली. "ते पान तेवढं फाडून टाका."

"वरिष्ठांना विचारून कळवते," त्या म्हणाल्या.

त्यांचा फोन अजून आलेला नाही.